खरपुडीचा पहारा

औरंगपुरा,
नवरात्रातला शुक्रवार

प्रिय सोमनाथ,

तुझा फोन लागत नाही. माळावर गेलास की तो लागत नसतो हे ठाऊक असूनही सकाळपासून मी लावत बसलो, आणि ती बाई दर वेळी त्याच गोड आवाजात तू संपर्कक्षेत्राच्या बाहेर असल्याचं सांगत राहिली. शेवटी कागद ओढला. करुणा उद्या सकाळच्या एसटीनं अजिंठ्याला निघणार आहे, तुझ्यासाठी भाकरी आणि ठेचा घेऊन. तिच्या पिशवीत हे पत्र घालतो. माझं अक्षर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, ओळ सोडून खाली उतरतं. पण तू लावशील. पाचवीपासून लावत आलास.

आधी बातमी सांगून टाकतो, कारण ती मनात ठेवून इकडचं तिकडचं लिहीत बसणं मला जमायचं नाही. तुझ्या वर्गातल्या मुलांनी काल विभागप्रमुख मॅडमकडे तुझ्याविरुद्ध लेखी तक्रार दिली आहे. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची सगळी मुलं त्यात आहेत, आमची नीरजासुद्धा. श्रावण संपल्यापासून सर वर्गावर नीट आलेले नाहीत, प्रात्यक्षिकं झालेली नाहीत, दिवाळीनंतर परीक्षा आहे आणि अभ्यासक्रम अर्ध्यावर पडलाय, असं त्यात लिहिलंय. मॅडमनी सोमवारी सकाळी बैठक ठेवली आहे आणि तुला हजर राहायला सांगितलंय. तो निरोप तुझ्या टेबलावर आणि मेलवर पडून आहे म्हणे. मॅडम काही तुझ्या वाईटावर नाहीत. पण मुलांना त्या म्हणाल्या, "सर सोमवारी आले तर आपण बसून बोलू. नाही आले तर मला हे वर पाठवावं लागेल." वर म्हणजे कुठं, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

आणि तुझी शेंग अजून हिरवी आहे, हेही मला माहीत आहे. करुणानं सांगितलं. शेंगा पिवळ्या पडून बी हाती आल्याशिवाय खाली उतरायचं नाही, असं तू तिला बजावून गेलास. तेव्हा सोमवारी तू इथं असायला हवंस आणि सोमवारी तू तिथंही असायला हवंस. या दोन्हींमधला रस्ता एसटीला सापडत नाही.

दुपारी गॅलरीत बसलो होतो. खाली आपला नेहमीचा गलका चालला होता. दुकानांच्या दारात घागरे आणि टिपऱ्या टांगलेल्या, दोन रिक्षा समोरासमोर येऊन अडलेल्या आणि दोघंही रिक्षावाले मागं घ्यायला राजी नाहीत. ते बघता बघता मला अजिंठ्याची शाळा आठवली. अशी मधेच कधीही आठवते हल्ली. पत्र्याचं छप्पर, एक फळा, आणि पाचवी ब. वेलीवरची एक कविता चालली होती. साधीच कविता, फूल हसतं, वाऱ्याशी गुजगोष्टी करतं अशा वळणाची. पण मी ती चालीवर म्हणायचो, आणि म्हणता म्हणता माझेच डोळे मिटायचे. तेवढ्या वेळात मागच्या दारानं दोन-तीन पोरं पसार व्हायची हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी डोळे उघडले तर तू उभा. सदऱ्याला वरचं बटण नाही. म्हणालास, "सर, फूल हसत नसतंय. आमच्या बांधावर खरपुडीची वेल हाय. तिच्या फुलात माशी कोंडलेली असतीय, रातभर."

वर्ग खो खो हसला. मी विचारलं, मग सकाळी काय होतं? तू म्हणालास, "सकाळी सोडतंय की. आतली कुसं सुकत्यात अन् माशी जाती निघून." मी म्हटलं, पण कोंडतं कशाला? तू डोकं खाजवलंस. "ते मला नाय माहीत. तुम्ही सांगा."

मला तरी कुठं माहीत होतं. मी पुस्तक पालथं ठेवलं आणि सगळा वर्ग घेऊन तुझ्या बांधावर आलो. तुझे वडील सर्जेराव कपाशीत होते. आमची ती वरात बघून त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं आणि विचारलं, "काय मास्तर, शाळा बंद पडली का काय?" मग त्यांनीच बाभळीच्या झुडपात हात घालून वेल बाजूला धरली. करंगळीएवढं फूल, खाली फुगीर, वर टोपी घातल्यासारखं, तंतोतंत कंदील. आम्ही सगळे आडवे होऊन त्यात डोकावत होतो, मीसुद्धा, इस्त्रीचा सदरा घालून. आत खरंच माशी होती. चिलटाएवढी. एका मुलीनं विचारलं, तिला भीती वाटत असंल का, आणि तू एखाद्या डॉक्टरसारखा म्हणालास, "नाय. तिला म्हाईत नसतंय ना कोंडलंय म्हणून."

मुख्याध्यापकांनी माझ्याकडून खुलासा मागवला. शाळेच्या वेळेत वर्ग सोडून रानात गेल्याबद्दल. मी एका ओळीत दिला. वर्ग सोडलेला नाही, वर्ग माझ्याबरोबरच होता. ते वाचून बिचाऱ्यांनी कागद तसाच फायलीत लावून टाकला.

हे सगळं तुला तोंडपाठ आहे. तूच ते तुझ्या मुलांना सांगतोस, पहिल्या तासाला. नीरजा तुझ्या पहिल्या तासाहून घरी आली आणि माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी तिचा आजोबा नसून कुणीतरी पुस्तकातला माणूस आहे. तिच्या बापानं, हिमांशूनं, तिला नाशिकहून माझ्याकडे ठेवली ती विद्यापीठ इथं आहे म्हणून, पण ती टिकली तुझ्यामुळं. मी एकदा तुझ्या तासाला येऊन बसलो होतो, आठवतं? मराठी दिनाला तू मला भाषणाला बोलावलंस आणि मी तासभर आधीच पोचलो. शेवटच्या बाकावर बसलो. तू खिशातून गवताची एक काडी काढलीस आणि सगळा तास त्या काडीवरच बोललास. ही कुठं उगवते, का उगवते, गुरं हिला का तोंड लावत नाहीत. फुलंब्रीची, कन्नडची, सिल्लोडची पोरं, घरातून पहिल्यांदाच कुणी एवढं शिकायला आलेलं, आणि सगळी त्या काडीवर वाकलेली. तास संपला तरी कुणी उठेना. मग माझं भाषण झालं, त्यात दोघंजण झोपले. मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्या दिवशी घरी चालत आलो, रिक्षा करायचं सुचलंच नाही.

आणि मग ती संध्याकाळ, बढतीच्या मुलाखतीनंतरची. तू आलास, चप्पल काढलीस, खुर्चीत बसलास आणि चहाचा कप तसाच बाजूला सरकवलास. मग म्हणालास, "सर, त्यांनी एकदाबी विचारलं नाय, पोरं शिकली का म्हणून. शोधनिबंध किती, कुठं छापले, एवढंच. वर्गात जीव ओतला त्याला कागदावर रकानाच नाय." मी काहीतरी सांगावं म्हणून तू आला होतास, आणि मी उठून चहा पुन्हा गरम करायला ठेवला. विभागातली दोन माणसं निवृत्त झाली, त्यांच्या जागा भरल्या नाहीत. त्यांचे विषयही तुझ्याच गळ्यात. तासावर येणारी तरुण मुलं वर्षभर टिकत नाहीत. दुपारी प्रात्यक्षिकं, संध्याकाळी कुठल्यातरी समितीचे कागद. आणि संशोधन? ते सुट्टीत करा, असं सगळेच म्हणतात. पण तुझी वेल सुट्टीत कुठं फुलते? उन्हाळ्यात तुला वेळ असतो तेव्हा ती जमिनीखाली कंद होऊन झोपलेली असते. ती फुलते भाद्रपदात, शेंग धरते आश्विनात, आणि नेमकं तेव्हाच तुझं सत्र भरात असतं. एवढी वर्षं तू तिला रविवारी रविवारी भेटत आलास, एखाद्या तुरुंगातल्या नातेवाईकाला भेटावं तसा.

बांधावरची ती खरपुडी पुस्तकातल्या खरपुडीहून निराळी आहे, ही जात अजून कुणीच नोंदलेली नाही, असं तू मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज पाचवीतल्यासारखा झाला होता. ज्या फुलात आम्ही सगळे डोकावलो होतो, तेच फूल. मला वाटलं होतं मी तुला कविता शिकवली. तू तर त्या दिवशीच कवितेतून बाहेर पडून कामाला लागला होतास.

मागच्या वर्षी तू वर्गाला तिथं घेऊन गेलास. नीरजा गुडघ्यांना चिखल घेऊन घरी आली आणि जेवण निवेपर्यंत बोलत होती. कुसं कशी खाली वळलेली असतात, माशीला आत जाता येतं पण परतता येत नाही, आणि अंगाला पराग चिकटले की फूलच कसं वाट मोकळी करतं. त्याच आठवड्यात कुणीतरी फुलाचा फोटो स्टेटसला ठेवला, जागेच्या नावासकट. कौतुकानंच ठेवला असणार. पुढच्या रविवारी तू गेलास तर बांधावर नुसते खड्डे. कुंडीत दुर्मीळ झाडं लावून विकणारे येऊन कंद उपटून घेऊन गेले होते. शेंग धरण्याआधीच. आणि तो फोटो फिरत फिरत दुसऱ्या शहरातल्या संशोधकांपर्यंत पोचला, तेही आता या वेलीच्या मागं लागलेत. फोटो कुणी ठेवला ते तू विचारलं नाहीस. कुणाला रागावलाही नाहीस. नीरजा मला म्हणाली, "आबा, सर ओरडले असते ना, तर बरं झालं असतं."

त्यानंतर तू वर्गात येत होतास, पण आल्यासारखा नव्हतास. यंदा तुमच्या बांधाशेजारच्या माऊलीच्या शेतात, काटेरी झुडपाखाली चार वेली राहिल्यात हे तुला कळलं आणि तू कुणालाच सांगितलं नाहीस. करुणाला सांगितलंस, तिनं मला सांगितलं, आणि मी ते पोटात ठेवलंय, नीरजापासूनसुद्धा. पण मुलांना डोळे असतात. तू टिपणं मोबाइलच्या ग्रुपवर टाकतोस. वर्गात आलास तरी खिडकीतून आभाळ बघतोस. पोरं आपसात म्हणतात, "सर हल्ली वेलीची हजेरी घेतात." एकदा एका मुलीनं तासाला विचारलं, सर, यंदा आम्हाला फिल्डवर कधी नेणार, आणि तू म्हणालास, "कशाला?" एवढंच. नीरजानं ते मला सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती.

गेल्या रविवारी ती सगळी मुलं माझ्याकडे आली होती. तू माझा विद्यार्थी हे त्यांना ठाऊक आहे. बैठकीत सतरंजीवर दाटीवाटीनं बसली. तो प्रणय होता, तू ज्याला तुझी जुनी पुस्तकं दिलीस तो. शनिवार-रविवार पेट्रोलपंपावर काम करतो, क्रांती चौकाजवळ. म्हणाला, "सर, आम्हाला क्लास लावायची ऐपत नाय. आमचा क्लास म्हंजे आमचे सरच. सेटची परीक्षा डोक्यावर आलीय." मी तुझी बाजू मांडली, अगदी वकिलासारखी. म्हटलं, एवढी वर्षं त्यानं रविवार सोडून कधी रान बघितलं नाही, तुमच्यासाठीच. आता शेंग हाती लागली नाही तर नव्या जातीची नोंद पुरी होणार नाही आणि त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर जाईल. वेल पुढच्या वर्षी येईलच याची खात्री नाही. तर मागं भिंतीला टेकून बसलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "पण आजोबा, पुढच्या वर्षी आम्ही तरी कुठं येणार हाओत?"

सोमनाथ, मी आयुष्यभर मुलांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, येत नसतील तर उद्या सांगतो म्हणालो. हिच्याकडे तो उद्याच नव्हता.

परवा करुणा येऊन गेली. देवीच्या प्रसादाच्या निमित्तानं आली, पण बसली ती बोलायलाच. तुझा खोकला, माऊलीच्या पत्र्याच्या खोलीतलं तुझं झोपणं, तुझी वाढलेली दाढी. म्हणाली, "माळावर जातात त्याचं मला काही नाही हो सर. लग्नाच्या आधीपासून जातात. पण आता घरी असले तरी माळावरच असतात. भाजी अळणी झाली तरी कळत नाही. तुम्ही बोला एकदा, तुमचं ऐकतात." मी हो म्हटलं. तिला वाटलं मी तुला समजावून परत आणणार. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण रात्रीचं जेवण झाल्यावर तुझी बाजू घेऊन विचार केला, तर ती खरी निघाली. मुलांची घेऊन केला, तर तीही खरी. माझ्या वयाला हे बरं नाही. चूक कुणाची ते कळलं की माणूस निदान चिडून झोपी तरी जातो.

मी त्या फुलाचा विचार करत असतो. तुला हसू येईल, मी अजून त्याचाच विचार करतो. ते माशीला कोंडतं ते खरं, पण कायमचं नाही. काम झालं की आतली कुसं आपोआप सुकतात. किती वेळ धरायचं आणि कधी सोडायचं, हे करंगळीएवढ्या फुलाला कळतं. तू तिथं बसलायस तो शेंगेसाठी बसलायस हे मी मानतो. पण सगळाच शेंगेसाठी बसलायस असं मला वाटत नाही. मुलांसमोर उभं राहायला लागू नये म्हणूनही तू बसलायस. एकदा विश्वासानं दाखवलं आणि खड्डे पडले, आता परत दाखवायचं नाही, असं तू मनाशी धरून बसलायस. माशीला निदान माहीत नसतं कोंडलंय म्हणून, असं तूच म्हणाला होतास. तुला माहीत आहे.

आता ज्यासाठी एवढे कागद खर्च केले ते लिहितो. तुला ठाऊक आहे, गल्लीतले लोक माझ्याकडून अर्ज लिहून घेतात. वीज मंडळाला, नळाच्या पाण्याबद्दल महापालिकेला. मास्तरांचं मराठी लागलं की साहेब वाचतो, अशी त्यांची समजूत आहे. मुलं त्या रविवारी त्याचसाठी आली होती. त्यांच्या मोबाइलवर काहीतरी लिहिलेलं होतं, अर्धं इंग्रजी, अर्धं रागातलं. ती तक्रार मी लिहिली, सोमनाथ. सोमवारी मॅडम ती तुझ्यापुढं ठेवतील तेव्हा पहिल्या वाक्यातच तुला माझी चाल ओळखू येईल, आणि ती तिथं कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून हे पत्र. खाली नीरजाचा पालक म्हणून माझी सही आहे. तू खोटी हजेरी लावतोस असं एक वाक्य त्यांच्यात होतं, ते खरं आहे का विचारल्यावर सगळी खाली बघायला लागली, मी ते काढलं. बाकीचं खरं होतं, ते मी मऊ केलं नाही. शेवटी "कठोर कारवाई व्हावी" असं होतं. मी विचारलं, व्हावी का? मग प्रणय म्हणाला, "नको सर. आमचे सर परत आले तर बास." तेच शेवटचं वाक्य झालं. कचेरीतली माणसं शेवटच्या वाक्यापर्यंत वाचत नाहीत हे मला कळतं. तू मात्र वाच. मी याबद्दल माफी मागत नाही आणि तुझ्यावरची माया तसूभर कमी झाली असंही समजू नकोस. तू माझा आहेस म्हणून तीच मुलं माझी नाहीत, असं मला म्हणता येईना, एवढंच. आणि आता दुसरं. करुणाच्या पिशवीत हे पत्र आहे आणि करुणाच्या शेजारच्या सीटवर मी आहे. तू हे वाचत असशील तेव्हा मी खाली गावात तुझ्या घरच्या ओट्यावर चहा पीत बसलेलो असेन. माऊलीला निरोप दिलाय, तो मला मोटारसायकलवरून झुडपापर्यंत नेतो म्हणालाय. रात्री तो शेतात झोपतोच, दिवसाचा मी. नीरजानं माझ्या जुन्या मऊ धोतराच्या लहान लहान पिशव्या शिवून दिल्यात, नाडीसकट. कशासाठी, ते तिनं विचारलं नाही. शेंग फुटून बी उडून जाऊ नये म्हणून तिला पिशवी कशी बांधायची, पिवळी कुठपर्यंत म्हणजे पिवळी, हे मला एकदा नीट दाखव आणि रविवारी संध्याकाळच्या गाडीनं खाली उतर. परीक्षेच्या दालनात पहारा देण्यात माझी सगळी हयात गेली आहे, माझ्या नजरेतून कॉपीची चिठ्ठी सुटली नाही तर कंद काय सुटणार. आणि कुणी उपटायला आलाच तर मी त्याला बसवून घेईन आणि सगळ्या कविता चालीवर म्हणून दाखवीन. तो आपणहून निघून जाईल. तू फक्त सोमवारी वर्गात जा. बैठक नंतर, आधी वर्ग. मॅडमनी खुलासा मागितला तर काय द्यायचा, ते आपण उद्या ओट्यावर बसून ठरवू. माझा एका ओळीचा खुलासा तुला देता येत नाही. वर्ग तुझ्याबरोबर नव्हता. पण पुढच्या खेपेला तो देता यावा, एवढी माझी इच्छा आहे.

खाली उतरताना काठी घेऊन ये माझ्यासाठी, बाभळीची चालेल.

तुझाच,
पाचवी ब चा वर्गशिक्षक,
श्रीनिवास